बेचाळीसशेचं रीळ

मासे धरायचं महागातलं इंग्लिश रीळ घ्यावं की घेऊ नये, हा प्रश्न सुरतेतल्या मराठी माणसाला सहसा पडत नाही. आमच्या डिंडोलीत तर नाहीच. आमच्या सोसायटीत टँकर कधी येणार, गॅसचा नंबर कधी लागणार आणि वरच्या घराचं पाणी कोणाच्या भिंतीत मुरतंय, एवढ्याच विषयांवर विचार केला जातो. तरीही या बाबतीत माझं ठाम मत आहे. ते मला बेचाळीसशे रुपयांना पडलेलं असल्यामुळे कोणी विचारायची वाट न पाहता मी ते सांगत असतो.

सत्त्याण्णव सालची दिवाळी झाली आणि माझे सासरे धुडकू पाटील दोंडाईच्याहून आमच्याकडे आले. उधना स्टेशनावर उतरल्या उतरल्या त्यांनी मोठ्या प्रेमाने रामराम घातला, पण तो मला नव्हता, माझ्या शेजारच्या पोत्यांच्या थप्पीला होता. मी पुढे होऊन हात धरला तेव्हा म्हणाले, एवढ्या गर्दीत माणूस ओळखू येत नाही. फलाटावर त्या वेळी मी, ते आणि पोती, एवढेच होतो.

घरी आल्यावर त्यांनी चहात मीठ घातलं, तो कप संपवला, आणि सुरतेची साखर खारट असते असा निर्वाळा दिला. दाराच्या पडद्याला दोनदा 'ये बाई, बस' म्हणाले. त्यांना मी मामा म्हणतो, माझी बायको सुषमा आबा म्हणते, पण मोतीबिंदू झालाय असं दोघांपैकी कोणीही म्हटलेलं त्यांना खपत नव्हतं. कारणही तसंच होतं. दोंडाईच्याच्या जिनिंगमध्ये या माणसाने पस्तीस वर्षं कापसाचा काटा केला होता. सुई केसभर सरकली तरी त्यांना दिसायची, आणि शेतकरी पावती न वाचता खिशात घालायचे. अशा माणसाला तुम्हाला दिसत नाही हे तोंडावर सांगायची माझी छाती नव्हती. सुषमाने सांगितलं, तर ते दोन दिवस जेवले नाहीत.

मग तिने स्वतःच्या चष्म्याचं निमित्त काढून त्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी गप्पा मारता मारता त्यांच्या डोळ्यावर बॅटरी मारली आणि सुषमाला बाजूला घेऊन सांगितलं, की उजवा डोळा पार पिकलाय, महिन्याभरात ऑपरेशन केलं नाही तर तो हातचा जाईल. मामांनी साफ नकार दिला. गावात एकाचा डोळा शिबिरात गेला होता आणि मामा मनातून घाबरले होते, हे मला सुषमाकडून कळलं. ते स्वतः मात्र एवढंच म्हणायचे की मला सगळं दिसतं, डॉक्टरलाच दिसत नाही.

एका रविवारी सुषमा त्यांच्यापुढे बसून रडली. मीही एक डोळा शाबूत असेल तर दुसऱ्याची काळजी कशाला, असं काहीतरी बोलून गेलो. मला धीर द्यायचा होता, पण जमलं नाही. मामांनी तंबाखू मळता मळता माझ्याकडे, म्हणजे माझ्या शेजारच्या कपाटाकडे, तोंड फिरवलं.

"पाव्हना, तुम्हना हात कागदना शेतस," ते म्हणाले. "तुम्ही तापीमातून एक मासा धरी दखाडा. मंग मी डॉक्टरले डोया दखाडसू."

यात एक जुनी दुखरी जागा होती. मामांचं मूळ घर सारंगखेड्याला, तापीच्या काठावर. काटा सोडून त्यांना दुसरी एकच गोष्ट येत होती, ती म्हणजे मासे धरणं. आमच्या घरात मात्र वडिलांच्या गळ्यात तुळशीची माळ. मी जन्मात मासा खाल्ला नव्हता, आणि सुषमाने लग्नानंतर खाणं सोडलं होतं. मामांनी मला जावई म्हणून मान दिला, दरवर्षी टॉवेल-टोपी दिली, पण मुलीचे मासे सुटल्याचं ते विसरले नव्हते. माझ्याकडून मासा धरला जाणार नाही याची त्यांना शंभर टक्के खात्री होती, आणि ऑपरेशन टाळण्याचा याहून पक्का मार्ग त्यांना सुचला नसता.

"धरतो," मी म्हणालो. हे वाक्य कोण बोललं म्हणून सुषमाने आजूबाजूला पाहिलं.

आता माझ्या स्वभावाबद्दल थोडं सांगणं भाग आहे. मी पलसाण्याच्या एका डाइंग मिलमध्ये खरेदी खात्यात आहे. अठरा वर्षं मी प्रत्येक वस्तूची तीन कोटेशनं मागवतो आणि सगळ्यात स्वस्त असेल ती घेतो. ती आठ दिवसांत मोडते, मग मी पुन्हा तीन कोटेशनं मागवतो. यालाच खरेदी खातं म्हणतात. तेव्हा माशाच्या बाबतीतही मी रीतसर तीन कोटेशनं काढली. उघड्या बाजारात नुसती दोरी आणि गळ साठ रुपये. भागळच्या दुकानात कडकडणारं देशी रीळ साडेतीनशे रुपये. तिसरं कोटेशन चौकाजवळच्या कैखुशरू शेठांचं. या पारशी गृहस्थांचं खेळाच्या सामानाचं जुनं दुकान होतं. काचेच्या कपाटात त्यांनी एक इंग्लिश रीळ ठेवलं होतं. ते हजिऱ्याकडच्या कोण्या गोऱ्या इंजिनियरने मागवलेलं, आणि रीळ येण्याआधीच इंजिनियर परत गेलेला.

रीळ म्हणजे काय, तर एका खिळीवर बसवलेलं चकचकीत गोल डबडं. त्याला दात्यांची चाकं नाहीत, ब्रेक नाही, झाकण नाही. ज्यात काहीच नाही ते सगळ्यात महाग कसं, असं मी विचारलं. शेठांनी बोटाने त्याला एक टिचकी दिली. ते फिरायला लागलं. शेठांनी मला इंजिनियरची हकीकत सांगितली, त्याच्या बायकोची सांगितली, मग स्वतःच्या गुडघ्याची सुरू केली, तरी ते आवाज न करता फिरतच होतं.

"जोई ले, दीकरा," शेठ म्हणाले. "माछली श्वास ले तो बी आ फरे."

मासा श्वास घेईल तरी हे फिरणार. माझे हात कागदाचे होते, हे मला मान्यच होतं. मग हातात जे नाही ते हत्यारात असायला नको का? अठरा वर्षांत पहिल्यांदा मी सगळ्यात वरचं कोटेशन मंजूर केलं. किंमत बेचाळीसशे रुपये, म्हणजे दिवाळीचा अख्खा बोनस. मी पैसे काढले तेव्हा कुठे ते थांबलं.

बोनसबद्दल सुषमाला मी सांगितलं की धंद्यात मंदी आहे, यंदा शेठने नुसती मिठाई दिली. रीळ एकशे नव्वदला पडलं असंही सांगितलं. एकशे नव्वद हा आकडा मी विचार करून काढला होता. दोनशे म्हटलं असतं तर तिने कारण विचारलं असतं.

पण खोटं बोलणाऱ्याने शेजारी नसलेल्या ठिकाणी राहावं. समोरच्या मंगलाबाईंनी रीळ हातात घेऊन पाहिलं आणि उत्तरायणला पतंगाच्या मांज्यासाठी फिरकी म्हणून हे झकास आहे असं ठरवलं. बाजारात लाकडी फिरकीच सव्वाशेला मिळते, मग ही अशी चकचकीत एकशे नव्वदला म्हणजे फुकटच. त्यांनी तिथल्या तिथे एकशे नव्वद रुपये सुषमाच्या हातात ठेवले आणि आमच्या ह्यांनाही एक आणा म्हणाल्या. संध्याकाळपर्यंत अशा पाच ऑर्डरी आल्या. सुषमाने सगळे पैसे रुमालात बांधून माझ्यापुढे ठेवले आणि पाच एकदम घेतली तर काही कमी करतील का, असं विचारलं. मी तो रुमाल पंधरा दिवस मिलमध्ये नेला आणि परत आणला.

शेजारचा लक्ष्मण वेगळ्या कारणाने आला. तो भेस्तानच्या एका कारखान्यात ताण्याला, म्हणजे विणायच्या उभ्या सुताला, खळ लावायचा मास्तर. जगातली प्रत्येक गोल वस्तू त्याच्या दृष्टीने बॉबिन होती. त्याने रीळ कानाशी धरून फिरवलं, घड्याळ लावलं आणि एक मिनिट चाळीस सेकंद भरतात असं जाहीर केलं. हा आकडा ऐकून गल्लीतली माणसं जमली. कोणी शिवणयंत्राचं चाक फिरवलं, कोणी टेबलफॅन. शेवटी एकाने सायकल उलटी करून तिच्या मागच्या चाकाला झटका दिला आणि ते पावणेतीन मिनिटं फिरलं. माझ्या बेचाळीसशेच्या रिळाला तीस वर्षांच्या जुनाट सायकलने हरवलं. एकशे नव्वदच्या मानाने बरं आहे, असं म्हणून लोकांनी माझं सांत्वन केलं.

पैसे सगळे रिळात गेल्यामुळे काठी मी लाकडाच्या वखारीतून आणलेल्या बांबूची केली. दोरी उरली होती. लक्ष्मण म्हणाला, बाजारची दोरी घेऊ नका, आपल्याकडे सुताला काय तोटा. त्याने कारखान्यातून पिळाचं नायलॉन आणलं. इथवर ठीक होतं. पण खळ न लावता सूत वापरणं म्हणजे त्याच्या धर्माविरुद्ध. कोऱ्या सुताला पाण्यात पीळ सुटेल, तंतू पिंजतील, पाण्याशी घासून तुटेल, असं तो अर्धा तास सांगत होता. सुतातलं त्याला सगळं कळतं आणि माशातलं मला काहीच कळत नाही, म्हणून मी मान डोलावली. त्याने जुन्या काळातली, धुळ्याच्या मिलमधली मैद्याची खळ माझ्याच स्वयंपाकघरात शिजवली. तीनशे हात दोरी गच्चीवर ताणून तिला तीन हात दिले. दोरी अशी कडक आणि तुकतुकीत झाली की तिची साडी विणली असती तर दुकानात खपली असती.

पहिल्या रविवारी आम्ही तिघे, मी, मामा आणि लक्ष्मण, रिक्षाने तापीवरच्या कॉजवेवर गेलो. दहा फुटी बांबू रिक्षाच्या दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, आणि त्याला रिक्षावाल्याने लाल फडकं बांधलेलं. तापी तिथे छान पसरलेली आहे. गांडूळ हातात धरणं मला शक्य नव्हतं म्हणून गळाला मी हिंग घातलेल्या कणकेची गोळी लावली होती. दोरी पाण्यात सोडली आणि पाच मिनिटांत पाणी खळबळायला लागलं. शेकडो बारीक मासे आले. मी आनंदाने काठी घट्ट धरली.

मासे गोळीकडे फिरकलेच नाहीत. ते दोरी खात होते. मैद्याची पातळ खळ इतक्या प्रेमाने आजवर त्यांना कोणी वाढली नसेल. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पंगत बसली होती. लक्ष्मण मात्र खूश होता, कारण खळ सगळीकडे सारखी बसल्याचा यापेक्षा मोठा पुरावा नव्हता. उरलेली खळ पाण्याने सुटून रिळात गेली. मी गुंडाळायला लागलो तर श्वासाला फिरणारं ते यंत्र चिकट पिठात रुतून बसलं आणि दोघांनी ओढूनही हलेना. माशांची ढेकर तेवढी ऐकायची राहिली.

घरी आल्यावर सुषमाने ते माझ्या हातातून घेतलं आणि मोरीवर बसून राखेने, नारळाच्या शेंडीने घासायला लागली. नाजूक हाताने घास, एवढं म्हणायचं मला फार वाटत होतं. पण एकशे नव्वदच्या वस्तूसाठी नवरा असा कळवळला तर बायको विचारात पडते. मी बाहेर जाऊन उभा राहिलो आणि घासण्याचा आवाज ऐकत राहिलो.

दुसऱ्या रविवारी कॉजवेवरच्या खाकी कपड्यातल्या माणसाने परवानगीचा कागद मागितला. आजूबाजूला दहा माणसं गळ टाकून बसली होती, त्यांच्याकडे कागद नव्हता. पण त्यांच्याकडे रीळही नव्हतं. साहेबी वस्तू दिसली की कागद लागतो. मी मराठी माणूस, कागदाला घाबरत नाही. सोमवारी अर्धी रजा टाकून मत्स्य खात्याच्या कचेरीत गेलो. तिथल्या मगनभाई नावाच्या कारकुनाने फॉर्म काढला आणि मासा खाण्यासाठी की विकण्यासाठी, असं विचारलं. मी म्हटलं, दाखवण्यासाठी. कोणाला, तर सासऱ्यांना. मगनभाईंनी पेन खाली ठेवलं. त्यांच्या फॉर्मात दोनच रकाने होते. त्यांनी साहेबांना विचारलं, साहेबांनी जुनी फाईल मागवली, फाईल दुसऱ्या मजल्यावर होती. चार दिवस मी जात होतो. पाचव्या दिवशी मगनभाईंनी सांगितलं, एका माणसाने एका काठीने मासा धरायला परवानगी लागतच नाही. मी म्हटलं, हेच लिहून द्या. ते म्हणाले, परवानगी लागत नाही हे लिहून द्यायला वरिष्ठांची परवानगी लागेल.

तोवर डॉक्टरांनी दिलेल्या महिन्यातले एकवीस दिवस गेले होते. सुषमा माझ्याशी मोजकंच बोलत होती. एका संध्याकाळी मामा संडासाच्या दाराऐवजी भिंतीवर जाऊन आदळले, कपाळाला टेंगूळ आलं, आणि भिंत आदल्या दिवशी तिथे नव्हती असं म्हणाले. त्या दिवशी आम्ही कोणी हसलो नाही. सुषमा हळद लावत होती आणि मामा तिच्या चेहऱ्याकडे पाहत होते, पण त्यांची नजर तिच्या कानापाशी कुठेतरी थांबली होती. मला त्या क्षणी त्यांचा राग आला आणि त्यांची कीवही आली, आणि आपण मासा धरलाच पाहिजे असं पहिल्यांदा खरोखर वाटलं.

तिसऱ्या रविवारी भल्या सकाळी मी फक्त मामांना घेऊन गेलो. खाकीवाला अजून यायचा होता. कॉजवे म्हणजे तापीच्या पाण्याला टेकून पलीकडे जाणारा रस्ता, त्यावरून रांदेरकडे जाणारे दूधवाले, पाववाले सुरू झाले होते. मी काठावर उभा राहिलो, मामांना कट्ट्यावर बसवलं. या खेपेला दोरी साधी होती, खळीशिवायची. मी काठी डोक्यावरून मागे नेली आणि जोरात पुढे फेकली. कणकेची गोळी गळावरून सुटली आणि माझ्या चष्म्यावर येऊन बसली. दोन्ही काचा लिंपल्या गेल्या. गळ पाण्यात पडला की आणखी कुठे, हे मला दिसलं नाही.

मी एका हाताने चष्मा काढू का, असा विचार करत होतो तेवढ्यात रीळ फिरायला लागलं. सावकाश नाही, सणसणून. दोरी सुटत होती, सुटत होती. मी दोन्ही हातांनी काठी धरली आणि ओरडलो, "मामा, लागला."

मामा कट्ट्यावरून उठले. इतक्या दिवसांत मी त्यांना असं ताठ उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं, आणि तेव्हाही चष्म्यावरच्या कणकेतून नीट दिसलं नाहीच.

"ओढू नका," ते म्हणाले. "ढील द्या. त्याले पयू द्या. दमी जाई तो."

मी ढील दिली. म्हणजे मला काही करावं लागलं नाही, तेवढंच तर त्या रिळाला येत होतं. मामा माझ्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले, आणि मला सांगायला लागले की तो आता डावीकडे वळतोय, आता खाली बसलाय, आता पुन्हा सुटला. मला ते सगळं खरं वाटत होतं. मला काहीच दिसत नव्हतं आणि त्यांना सगळं दिसत होतं.

"वर उना, वर उना," मामा म्हणाले. "दिसी ग्या माले. रोहू शे. पाच किलोना खाले नई. काय चमकस, पाव्हना."

मग रोहूने हॉर्न वाजवला.

मी बाहीने चष्मा पुसला. दोरी पाण्यात नव्हतीच. ती कॉजवेच्या रस्त्यावरून सरळ रांदेरच्या दिशेला गेली होती, आणि तिच्या टोकाला, दुधाच्या चकचकीत कॅनच्या जाळीत गळ अडकलेली एक लूना निवांत चालली होती. रीळ इतकं मोकळं फिरत होतं की लूनावाल्याला मागून कोणी ओढतंय याचा पत्ताच नव्हता. साडेतीनशेचं रीळ असतं तर तो जागच्या जागी थांबला असता. बेचाळीसशेच्या रिळाने त्याला अर्ध्या तापीपार पोचवलं. मग दोरी संपली, काठी माझ्या हातातून निसटली, रस्त्यावर खडखडत निघाली, आणि तो थांबला.

तो गाडी वळवून परत आला. त्यानंतर पाच मिनिटं तो जे बोलला ते अस्सल सुरती होतं आणि त्यात माझ्या घराण्यातलं कोणी सुटलं नाही. त्यात लूना, दूध आणि कॅन हे शब्द इतक्या वेळा आले की काय झालं ते बहिऱ्यालाही समजलं असतं. मामा तर उत्तम ऐकतात. ते परत कट्ट्यावर जाऊन बसले. मी माफी मागितली, सांडलेल्या लिटरभर दुधाचे पैसे दिले, काठी उचलली. रिळाला एकही चरा पडला नव्हता. ते अजून फिरत होतं.

रिक्षा उधना दरवाजापर्यंत आली. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. मासा मी धरला नव्हता, पैज मी हरलो होतो, आणि डोळ्याला सात दिवस उरले होते.

"लूना व्हती ना ती," मामा म्हणाले.

"हो."

"मी रोहू बोलनू."

"हो, मामा."

"चमकस बी बोलनू."

रिक्षा रेल्वेच्या फाटकावर थांबली. मामांनी डोक्यावरची टोपी काढली, मांडीवर ठेवली, तिच्यावरून हात फिरवला.

"माले भ्याव वाटस, पाव्हना," ते म्हणाले. मग टोपी परत डोक्यावर घालत, "तो डॉक्टर कोणता दिनले ऱ्हास?"

म्हणून माझं मत असं आहे, की महागडं रीळ घ्यावं. मासे मिळतील या भरवशावर घेऊ नये, पण घ्यावं. स्वस्त रिळात लूना अडकली असती, दोन क्षणांत सगळं उघडं पडलं असतं आणि मामांना तो रोहू दिसलाच नसता. अर्थात हे मत मी घरात बोलून दाखवू शकत नव्हतो. मंगलाबाईंना आणि बाकीच्या चौघांना मी पैसे परत केले आणि माल संपला असं सांगितलं. मंगलाबाईंनी माझ्याशी बोलणं टाकलं.

गुरुवारी ऑपरेशन झालं. ते आत जाईपर्यंत मी मामांचा हात धरून होतो. आठवड्याने पट्टी सुटली, जाड भिंगाचा चष्मा आला. घरी आल्यावर ते खाटेवर बसले आणि त्यांनी सगळ्यात आधी सुषमाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"बाई, तुना केस पांढरा व्हई ग्यात," ते म्हणाले.

सुषमा एकाच वेळी हसली आणि रडली. मग तिला परीक्षा घ्यायचा उत्साह आला. कॅलेंडरवरची तारीख विचारून झाली, घड्याळ झालं. आकडे वाचण्यात आबांची जिंदगी गेली, तेव्हा बारीक आकडे दाखवू, म्हणून ती कागद शोधायला लागली. कपाटावर रिळाचं खोकं होतं. त्याच्या तळातून तिने एक कागद ओढून काढला, दारापाशी जाऊन उभी राहिली, आणि छापलेली बाजू त्यांच्याकडे करून दोन्ही हातांनी धरला.

ते कैखुशरू शेठांचं बिल होतं. मी खाटेच्या कडेवरूनच ते ओळखलं.

मामांनी घडाघडा वाचलं. बिल नंबर अकराशे त्र्याऐंशी. तारीख नऊ, अकरा, सत्त्याण्णव. दुकानाचा फोन, सहाच्या सहा आकडे. एकही चुकला नाही. सुषमा प्रत्येक आकड्याला कागद उलटून तेवढीच ओळ पाहायची आणि मान हलवायची. मग ते सगळ्यात खालच्या ओळीवर आले आणि थांबले. त्यांनी पुन्हा वाचलं. मग सावकाश मान वळवून त्या नव्या डोळ्याने माझ्याकडे पाहिलं. कपाटाकडे नाही, बरोबर माझ्याकडे.

"बाकी समदं दिसस, बाई," ते म्हणाले. "खालला आकडा तेवढा पुसट शे."

सुषमाने कागद उलटायच्या आत त्यांनी हात पुढे केला आणि जवळ आण म्हणाले. तिने दिला. त्यांनी तो नाकाजवळ नेला, लांब धरला, पुसटच आहे म्हणाले, त्यावर तंबाखू ओतली, चुना घातला, पुडी बांधली आणि बंडीच्या आतल्या खिशात घातली. सुषमाचा चेहरा उतरला. खालचा भाग दिसत नाही म्हणजे ऑपरेशनमध्ये काहीतरी राहिलंय, आत्ताच्या आत्ता डॉक्टरांना दाखवायला हवं, असं म्हणत ती चप्पल घालायला गेली. आणि ज्या माणसाला एकदा डॉक्टरकडे न्यायला मला बेचाळीसशे रुपये आणि एक लूना लागली होती, तो माणूस निमूटपणे खाटेवरून उठला, टोपी घातली आणि मला म्हणाला, "चाला, पाव्हना."